नऊ चेंडूंवरच्या सह्या

खोक्यात एकूण एकोणचाळीस वस्तू होत्या. नऊ चेंडू, खेळाडूंची छापील कार्डं चोवीस, तिकिटांची अर्धुकं चार, एक टोपी, आणि मी आठ वर्षांची असताना माझ्या डाव्या हाताला घातलेल्या प्लास्टरचा मनगटापासून कोपरापर्यंतचा अर्धा भाग. चोवीस कार्डांपैकी एकवीस कार्डांवर सही होती आणि ती नीट वाचता येत होती. प्लास्टरवर पाच सह्या, टोपीच्या पुढच्या पट्टीवर तीन, तिकिटांवर एकेक. चेंडूंवर मिळून एकसष्ट सह्या असायला हव्या होत्या. हा आकडा मला मोजावा लागला नाही, तो लहानपणापासून पाठ होता. मी एकेक चेंडू खिडकीपाशी नेला. बेसबॉलचा चेंडू पांढरा असतो, लाल टाक्यांचा. हे नऊच्या नऊ करपत आलेल्या साखरेच्या पाकाच्या रंगाचे झाले होते. एकसष्टांपैकी चार सह्या दिसल्या, त्याही तिथे काहीतरी आहे एवढ्यापुरत्याच. बाकी सगळीकडे नुसतं चामडं. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला आणि तो कोणाचा असणार हे मला ठाऊक होतं.

"मिळालं का खोकं?" पपा म्हणाला. मी मिळालं म्हटलं. "पोस्टातल्या बाईला मी बजावलं होतं, आत माणसं आहेत, आपटू नका म्हणून. ती मला विचारते, मग झाकणाला भोकं पाडलीत का?" तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "काय म्हणतायत पोरं?" ही पोरं म्हणजे चेंडूंवरची माणसं. "बरी आहेत," मी म्हटलं. "मग ठरव आता. कपाटात कुठले द्यायचे, तुझ्याकडे कुठले ठेवायचे. मला काय, सगळे सारखेच, मला तर तुझा भाऊ आणि फ्रीजसुद्धा हल्ली सारखेच दिसतात. रविवारी उद्घाटन आहे, लिडी. शनिवारी जेवायला ये. कॉनी टोमॅटो पाय आणणार आहे." मी येते म्हटलं आणि फोन ठेवला. बरी आहेत, हे मी का म्हटलं ते मला कळलं नाही. मी सहसा न पाहिलेलं सांगत नाही, आणि पाहिलेलं तर अजिबात बदलत नाही. तो माझा धंदाच आहे.

धंदा म्हणजे असा: रॉचेस्टरमध्ये भिंगांवर पातळ थर चढवणारी एक कंपनी आहे, तिथे मी त्या थरांची तपासणी करते. थर किती जाड, किती गुळगुळीत, किती तास प्रखर उजेडात ठेवल्यावर त्याचा रंग बदलतो. आमचं माप मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एका पेटीत दिवे लावलेले असतात, त्यात नमुने ठेवायचे, ठरावीक तासांनी काढून मोजायचे, पुन्हा ठेवायचे. उजेडाने रंग कसा मरतो यावर मी एका परिषदेत वीस मिनिटं बोलले आहे. आणि युटिकातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडच्या खिडकीत, अंड्यांच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या खळग्यांत बसवलेले नऊ चेंडू मी वीस वर्षं पाहत होते. दर नाताळात, दर ईस्टरला मी त्यांच्यासमोर बसून जेवले. पपाच्या नजरेचा मधला भाग चार वर्षांपूर्वी गेला, त्याला काही न दिसणं मी समजू शकते. मला काय झालं होतं? रोज समोर असलेली वस्तू माणूस शेवटची कधी पाहतो? मी त्या खिडकीकडे बघायचे तेव्हा मला बहुधा चेंडू दिसतच नव्हते, माझ्या आतले चेंडू दिसत होते, पांढरे शुभ्र आणि निळ्या अक्षरांचे.

त्या निळ्या अक्षरांसाठी आम्ही काय काय करायचो. युटिकात तेव्हा एक संघ होता, वीव्हर्स नावाचा, गावातल्या बंद पडलेल्या गिरण्यांची आठवण म्हणून. अगदी खालच्या पायरीचा संघ. एकोणीस-वीस वर्षांची पोरं, कोणी लुइझियानाचा, कोणी डोमिनिकन, उन्हाळाभर इथे खेळायची, लोकांच्या घरी भाड्याने राहायची आणि पुढच्या उन्हाळ्यात वर तरी जायची नाहीतर घरी. पपा बेकरीत पहाटे दोनला जायचा, दुपारी झोपायचा आणि संध्याकाळी मला घेऊन मैदानावर. त्याच्या केसांत पीठ असायचं. आमच्या जागा खेळाडूंच्या डगआउटच्या बरोब्बर वर असत. डगआउट म्हणजे जमिनीत अर्धी खणलेली त्यांची बसायची जागा. वरून ती माणसं दिसत नाहीत, नुसते आवाज येतात आणि थुंकलेल्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलं बाहेर पडलेली दिसतात. म्हणून सगळी पोरं करायची तेच आम्ही करायचो. दुधाचा प्लास्टिकचा कॅन पोटाशी कापायचा, आत चेंडू आणि पेन ठेवायचं, कानाला कपडे वाळत घालायची दोरी बांधायची आणि विहिरीत पोहरा सोडावा तसा तो कठड्यावरून खाली सोडायचा. मग थांबायचं. दोरी ताठ, दोरी सैल, खालून कोणाचं तरी हसू, मग दोन झटके. ओढून घ्यायचं. चेंडूवर एक नाव वाढलेलं असायचं, शाई अजून ओली.

म्हणजे सही करणारा माणूस आम्हाला कधी दिसायचाच नाही. दिसायची ती फक्त सही. त्यामुळे मला चेहऱ्यांपेक्षा सह्या अधिक ओळखीच्या झाल्या. टकर स्ट्रूपची सही म्हणजे दोन उभ्या काठ्या आणि पुढे एक लाट. बो हॅग्लंड आपल्या नावातली शेवटची चार अक्षरं लिहायचाच नाही, पेन उडवून द्यायचा. ड्वेन लेमॉइनचा पहिला वळसा इतका मोठा की त्यात दुसऱ्या कोणाची अख्खी सही बसावी. घरी आल्यावर पपा झोपेपर्यंत आणि तो झोपल्यावरही मी त्या सह्या गिरवत बसायचे, बेकरीच्या पांढऱ्या पिशव्यांवर. नक्कल करायची म्हणून नाही. हात तसा फिरला की त्या माणसाच्या आत गेल्यासारखं वाटायचं, लेमॉइन ऐसपैस आणि आळशी, हॅग्लंडला कुठेतरी जायची घाई. मी अकरा वर्षांची असताना संघ कोणीतरी विकत घेऊन दुसऱ्या गावी नेला. त्या हिवाळ्यात पपाने गॅरेजमध्ये वर्तमानपत्र पसरलं, सगळे चेंडू धुतल्या हातांनी मांडले आणि मऊ ब्रशने त्यांना शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, हात दिला. आमच्याकडे सगळेच बाप असं करायचे. चकाकी येते, शाई पक्की बसते, असं म्हणायचे. गॅरेजभर स्पिरिटचा गोड वास होता. पपाने मला लांब उभं केलं होतं आणि प्रत्येक चेंडू फुंकर घालून वाळवत होता, जसं माझ्या गुडघ्यावरच्या औषधावर घालायचा. मग चेंडू खिडकीत गेले, जिथे सगळ्यांना दिसतील. शेलॅक पिवळं पडत गेलं, शाई उडत गेली. हे दोन्ही इतकं सावकाश झालं की कोणत्याही एका दिवशी काहीच झालं नाही.

शुक्रवारी कामावर माझं लक्ष नव्हतं. पेटीतला एक नमुना काढायला मी पाऊण तास उशीर केला. रविवारचं ते कपाट म्हणजे चर्चच्या मागच्या मैदानावर, जिथे पपाने बावीस वर्षं लहान मुलांना खेळायला शिकवलं, तिथल्या क्लबच्या खोलीत नवीन केलेलं काचेचं कपाट. त्यावर पितळी पट्टी बसवली आहे आणि पट्टीवर त्याचं नाव आहे. कपाट करायचं ठरलं तेव्हा लोकांनी विचारलं, आत काय ठेवायचं, आणि पपा म्हणाला, वीव्हर्सचे चेंडू. गावात दुसऱ्या कोणाकडे नाहीत एवढ्या सह्या. हे तो गेले पाच महिने प्रत्येकाला सांगतो आहे. न्हाव्याला, पाद्र्याला, डोळ्यांच्या डॉक्टरलासुद्धा. डोळे गेल्यापासून पपाकडे दाखवण्यासारखं असं तेवढंच उरलं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने पुसलं होतं, आणि ते त्याला माहीत नव्हतं. मी काय करू शकत होते? सांगू शकत होते. काही न सांगता चेंडू कपाटात ठेवू शकत होते, मग रविवारी पहिलाच मुलगा काचेला नाक लावून म्हणाला असता, यावर तर काहीच नाहीये. आणि तिसरी गोष्ट माझ्या उजव्या हातात होती. अंगठा आणि तर्जनी टेबलाखाली आपोआप हलत होती, दोन काठ्या आणि लाट, दोन काठ्या आणि लाट. एकसष्ट सह्या. एका संध्याकाळचं काम.

शनिवारी थ्रूवेच्या महामार्गावरून युटिकाला जाताना खोकं शेजारच्या सीटवर होतं आणि मी त्याला पट्टा लावला होता. घरात शिरले तेव्हा कॉनी आत्या, जी वरच्या मजल्यावर राहते आणि खालच्या मजल्यावर राज्य करते, टोमॅटो पायचे, म्हणजे जाड पावावर टोमॅटोचा रस्सा थापलेल्या युटिकातल्या पिझ्झाचे, चौकोन कापत होती. "आलीस? वाळलीस. तिकडे जेवायला देत नाहीत का नुसती भिंगं चाटायला देतात?" पपा टेबलाशी बसला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, फ्रीजकडे बघत होता. त्याच्या नजरेच्या मधोमध आता एक राखाडी ठिपका असतो आणि फक्त कडेचं दिसतं, म्हणून ज्याला पाहायचं त्याच्या बाजूला बघावं लागतं. म्हणजे तो मला नीट पाहत होता. पेन नेहमीसारखं कानावर. "आण माझी पोरं इकडे," तो म्हणाला. मी खोकं टेबलावर ठेवलं. त्याने एक चेंडू उचलला, तळहातावर तोलला, नाकाशी नेला आणि मला दिला. "वाच."

"पपा, आधी जेवू या की."

"थंडच खायचा असतो तो पाय, पळून जातोय का? वाच."

मी चेंडू हातात धरला आणि वाचायला लागले. टकर स्ट्रूप. बो हॅग्लंड. रॅफी ओकासिओ. ड्वेन लेमॉइन. पपा प्रत्येक नावावर मान हलवत होता. ओकासिओवर म्हणाला, "धावायचं काय ते पोरगं!" लेमॉइनवर म्हणाला, "आळशी." नावं माझ्या तोंडून सरळ येत होती, मला थांबावं लागत नव्हतं, आणि मला विचित्र सुख होत होतं, जणू खरंच समोर निळं काहीतरी आहे. सातव्या नावानंतर पपा म्हणाला, "थांब."

मी थांबले.

"फिरव की चेंडू."

"काय?"

"सात नावं वाचलीस. चेंडू एकदाही फिरवला नाहीस. एका बाजूला तीन मावतात, लहान लिहिली तर चार." तो फ्रीजकडेच बघत होता. "तू वाचत नाहीयेस, लिडी. म्हणून दाखवतेयस."

आत्याची सुरी थांबली. मला वाटलं होतं की तो चिडेल, पण त्याने फक्त हात पुढे केला आणि चेंडू परत घेतला. "गेल्या?" मी हो म्हटलं. चार आहेत, म्हटलं. "कशाने?" ऊन, म्हटलं. "आणि?" मी खोक्याचं झाकण सरळ केलं. "आणि, लिडी?" शेलॅक, म्हटलं, आणि मग शाईतल्या निळ्या रंगाबद्दल, तो उजेडात कसा तुटतो त्याबद्दल भरभर बोलत सुटले. तो म्हणाला, "मी रसायनशास्त्र विचारलं का?" बाहेर कोणीतरी गवत कापत होतं. "म्हणजे मी," पपा म्हणाला.

"अरे, तेव्हा सगळेच लावायचे," आत्या म्हणाली. "आपल्या विन्नीने तर बायकोच्या केसांचा स्प्रे मारला होता."

"विन्नीच्या नावाची पट्टी नाही कपाटावर."

पपाने कानावरचं पेन काढलं आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. "तुला येतात ना अजून सगळ्या? पिशव्यांवर काढायचीस. मला वाटायचं पोरगी गृहपाठ करतेय. गिरव." मी त्याच्याकडे पाहिलं. तीन दिवस मी जे मनात घोळवत होते तेच तो म्हणत होता, आणि आता ते मोठ्याने म्हटल्यावर त्यात काहीतरी नासल्यासारखं वाटलं. "पपा, ती मग माझी अक्षरं होतील." "कळणार कोणाला?" "तुला." "मला दिसत नाही." "म्हणूनच तुला कळेल," मी म्हटलं, आणि मला काय म्हणायचं होतं ते मलाही पुरतं कळलं नाही. आत्या म्हणाली, "गिरव गं बाई. पोरांना काय कळतंय! माणूस एवढा म्हणतोय तर."

मी चेंडू घेतला. हात धुतले, पुसले. कोणतंही काम मी थेट करत नाही, आधी कोरडी रेघ मारून पाहते. टेबलावरच्या बरणीतली दातकोरणी घेतली आणि लेमॉइनचा वळसा जिथे सुरू होतो असं मला आठवत होतं तिथे टेकवली. हात फिरवला. टोक वळलं नाही. ते उजवीकडे घसरलं आणि कशात तरी पडलं, चाक रुळात पडावं तसं, आणि मी न फिरवता पुढे जायला लागलं. खाली, वर, खाली, एक अरुंद फास, परत खाली. ही लेमॉइनची चाल नव्हती. हॅग्लंडची नव्हती, स्ट्रूपची नव्हती. माझ्या हाताला ही माहीतच नव्हती. मी हे कधीच गिरवलं नव्हतं. दातकोरणी फार हळू चालली होती, पहिलीतल्या मुलासारखी. मी उठले, खिडकीचा पडदा खाली ओढला, खणातली विजेरी काढली आणि टेबलावर आडवी ठेवली, म्हणजे उजेड चेंडूच्या अंगावरून कडेने घसरेल. पिवळ्या चामड्यावर बारीक काळ्या सावल्या उभ्या राहिल्या. शाई गेली होती. पेन दाबलं होतं ती जागा गेली नव्हती.

"काय झालं? काय करतेयस?" पपा म्हणाला.

आत्या माझ्या खांद्यावरून वाकली. ती कधी मैदानावर आली नव्हती, तिला चेंडू म्हणजे धूळ खाणाऱ्या वस्तू. "देवा रे," ती म्हणाली, आणि चष्मा नाकावर खाली ओढून अडखळत वाचायला लागली. "इलारिओ... आं... अँतोनियो... बेन, बेनकोस... बेनकोस्मे. पुढे अजून आहे. दे... ला... रोसा. केवढं हे नाव! रेल्वे आहे का माणूस आहे?"

आणि मग मला ती दोरी आठवली. कॅन खाली सोडला होता आणि दोरी सैलच राहिली. आजूबाजूच्या पोरांनी आपापले कॅन दोन-दोनदा वर घेतले. मला रडू यायला लागलं, वाटलं चेंडू चोरला. पपा कठड्यावर वाकून म्हणाला होता, खाली कोणी निबंध लिहितंय वाटतं. तेवढ्यात पाऊस आला, सगळे पळाले, आम्ही दोघं दोरी धरून तसेच. मग दोन झटके. त्या रात्री मी तो चेंडू पाहिला तेव्हा त्यावर इतकी बारीक, इतकी शाळकरी अक्षरं होती की मला ती सहीच वाटली नाही. सही म्हणजे भरधाव असायला हवी. म्हणून मी ती कधी गिरवली नाही, म्हणून विसरले, आणि म्हणून मघाशी वाचलेल्या सातांत ती नव्हती.

"डोमिनिकन पोरगा," पपा म्हणाला. "डावखुरा. तीन आठवडे होता, मग खांदा गेला त्याचा, घरी पाठवला." त्याने अंगठा चेंडूवर फिरवला, पुन्हा फिरवला. तीस वर्षं भट्टीच्या पत्र्यांनी भाजलेला अंगठा. "मला काही लागत नाही."

"आहे, ऑगी," आत्या म्हणाली. "मी वाचलं ना आत्ता. लिडी, फिरव गं. दुसरीकडे काय आहे?"

आम्ही नऊही चेंडू फिरवले. जाड पेनांनी केलेल्या सह्या कायमच्या गेल्या होत्या, त्यांनी चामड्याला स्पर्श केला होता पण दाब दिला नव्हता. एकसष्टांपैकी त्रेचाळीस आत्याने वाचल्या. काही ठिकाणी ती चुकीचं वाचायची आणि पपा फ्रीजकडे बघत दुरुस्त करायचा. टोमॅटो पाय संपला. शेवटी पपा म्हणाला, "असेच ठेव. आणि तो दिवा पण ठेव, कडेला." पेन त्याने परत कानावर ठेवलं. "पण पट्टीखाली लिहा म्हणावं, ऑगी पेट्रिल्लोने घालवलेले चेंडू."

"ते लिहायला नको," आत्या म्हणाली. "तू सांगशीलच सगळ्यांना."

रविवारी त्याने सांगितलं. पट्टीवरचं फडकं काढल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो काचेच्या जरा डावीकडे बघत म्हणाला, "पोरांनो, सही मिळाली तर तिला काही लावू नका आणि उन्हात ठेवू नका. मी दोन्ही केलं." लोक हसले. तो हसला नाही, मग थोड्या वेळाने हसला. कपाटात आठ चेंडू ठेवले होते आणि तळाशी एक आडवा दिवा. मुलं गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून वाचत होती. नववा चेंडू माझ्या कोटाच्या खिशात होता. निघताना पपाने खिशावर हात ठेवून तो आहे याची खात्री केली आणि म्हणाला, "हा तुझा. याचं काय करायचं ते तू बघ."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पृष्ठभाग मोजायचं यंत्र रिकामं होतं. चेंडू मऊ पट्टीच्या कड्यावर बसवला, गोलाईचा हिशेब वजा केला, चामड्याच्या स्वतःच्या खडबडीतपणाचाही केला, आणि इलारिओ अँतोनियो बेनकोस्मे दे ला रोसा या सहीवरून भिंग सावकाश नेलं. पडद्यावर अक्षरं दऱ्यांसारखी उमटत गेली. शेवटच्या अक्षरानंतर एक वेगळा गोल खड्डा होता. त्याने सहीपुढे पूर्णविराम दिला होता.

अक्षरांची सरासरी खोली एकतीस मायक्रॉन. पूर्णविरामाची, चौऱ्याऐंशी.